व्यायाम नेहमी ‘उद्यापासून’च का?



सहामाही परीक्षा संपली की पुष्कळ घरांत एक बेत ठरतो. उद्यापासून पहाटे साडेपाचला उठायचे, बारा सूर्यनमस्कार घालायचे आणि मैदानाला चार फेऱ्या मारायच्या. गजर लावला जातो. वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखला जातो. पहिल्या दिवशी तक्त्यात ठळक खूण पडते. दुसऱ्या दिवशी पाय दुखत असतात, तरी खूण पडते. तिसऱ्या दिवशी पाहुणे आलेले असतात. चौथ्या दिवशी गजर वाजतो, पांघरुणातून एक हात बाहेर येतो, गजर बंद करतो आणि परत आत जातो. पुढचा तक्ता कोराच राहतो. घरातले कोणी तरी म्हणते, “आळशी आहे, दुसरे काय!” आणि वाईट असे, की मनातून आपल्यालाही ते पटते.

आज या ‘आळशी’ शब्दाचीच थोडी तपासणी करू. ताप का आला, तर अंग गरम झाले म्हणून, असे उत्तर कोणी दिले तर तुम्ही हसाल. व्यायाम का होत नाही, तर आळस आहे म्हणून, हे उत्तरही त्याच जातीचे आहे. त्यात गोष्टीला नुसते नाव दिले आहे. कारण सांगितलेले नाही.

आधी एक आकडा पाहा. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलामुलींनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा तास सलग हवा असे नाही. खेळणे, सायकल, भराभर चालणे हे सारे त्यात धरायचे. ११ ते १७ वर्षांची किती मुले एवढे करतात, याचा २०१६ सालापर्यंतचा हिशेब १४६ देशांतील सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांच्या पाहण्यांवरून मांडला गेला. शंभरातील ८१ मुले कमी पडली. मुलग्यांत हे प्रमाण ७८, मुलींत ८५. आता असे पाहा, एखाद्या परीक्षेत शंभरापैकी ८१ मुले नापास झाली, तर आपण मुलांना दोष देण्याआधी प्रश्नपत्रिका मागवून पाहतो. येथेही तसेच करायला हवे.

शरीराचा हिशेब

तुम्ही हा लेख स्वस्थ बसून वाचत आहात. तरीही या क्षणी तुमचे हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे आणि मेंदू यांचे काम चालूच आहे. प्रौढ माणूस दिवसभर नुसता पडून राहिला, तरी त्याच्या शरीराला साधारण १३०० ते १७०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू खातो. म्हणजे काही न करतासुद्धा शरीराचा खर्च मोठा आहे.

आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर वावरू लागल्याला सुमारे तीन लाख वर्षे झाली. त्यांतली शेवटची दहा-बारा हजार वर्षे सोडली, तर बाकी सारा काळ शेती नव्हती, कोठार नव्हते. कंदमुळे शोधावीत, शिकारीमागे मैलोगणती जावे, तेव्हा पोटाला मिळावे. त्या काळी धडपड भरपूर होती. पण ती अन्नासाठी होती, जीव वाचवण्यासाठी होती किंवा नाचण्याखेळण्याची मौज म्हणून होती. ज्याने उगीचच टेकडीला चार फेऱ्या मारून दिवसाची शिदोरी जाळली, तो उपासमारीच्या महिन्यात मागे पडला असणार. गरज नसेल तेव्हा बसून राहावे, ही ओढ आपल्याला त्या पूर्वजांकडून मिळाली आहे. हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल लीबरमन यांनी आपल्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हाच मुद्दा विस्ताराने मांडला आहे. गजर बंद करणारा तो हात तीन लाख वर्षांचा अनुभवी आहे म्हणा ना!

अडचण पुढे आहे. हा काटकसरी कारभारी नुसता बसून राहायला सांगत नाही. न वापरलेल्या गोष्टी मोडीतही काढतो. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात पाच धडधाकट तरुणांवर एक प्रयोग झाला. सर्वांचे वय वीसच्या आसपास. त्यांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितले. तीन आठवड्यांनंतर मोजले, तेव्हा जास्तीत जास्त श्रम करताना शरीर जेवढा प्राणवायू वापरू शकते, ते प्रमाण पावहिश्शाहून अधिक घटले होते. पुढे आठ आठवड्यांच्या व्यायामाने ते भरून निघाले. खरी गंमत १९९६ साली झाली. तीस वर्षांनी संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे होते, वजने वाढली होती. त्यांची पुन्हा मोजणी केली, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान तरुणपणी तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते असे दिसले! मग त्यांच्याकडून सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम करून घेतला. आणि त्यांची ही क्षमता, वीस वर्षांचे असताना अंथरुणावर पडण्यापूर्वी होती, तेथे परत आली. पाचच माणसे होती, त्यामुळे आकडे जपून वापरले पाहिजेत. तरी शरीर किती लवकर मोडीत काढते आणि मागितले तर किती उशिरासुद्धा परत देते, हे यातून दिसते.

लंडनचे कंडक्टर

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे झटके वाढत चालले होते आणि त्याचे कारण नीट कळत नव्हते. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांची माहिती गोळा केली. एका गाडीवर दोन माणसे, एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर. दोघे सारख्याच परिस्थितीतले. गाडी तीच, धूर तोच, रस्ता तोच. फरक इतकाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे फाडत वरच्या मजल्यावर चढउतार करीत असे. कंडक्टर दिवसाला सुमारे ६०० पायऱ्या चढत असे. मुंबईच्या दुमजली बसचा तो अरुंद जिना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या कसरतीची कल्पना येईल. सुमारे ३१ हजार कामगारांची ही पाहणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. कंडक्टरांत हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा कमी होते. ज्या कंडक्टरांना तो झाला, त्यांनाही तो उशिरा झाला आणि त्यात दगावणारे कमी होते.

तुमच्यातल्या चिकित्सक मुलांना शंका येईल, मुळातच जाडसर माणसे ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिस यांनाही ती आली. त्यांनी काय केले, तर कंपनीने कामगारांना दिलेल्या गणवेशाच्या विजारींची मापे तपासली! ड्रायव्हरांचे कंबरेचे माप खरोखरच अधिक निघाले, आणि तरुण वयापासूनच अधिक होते. म्हणजे शंकेत तथ्य होते. सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. पण टपाल वाटत हिंडणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला होता, आणि पुढे इतर अनेक देशांत, अनेक धंद्यांत झालेल्या पाहण्यांचा कल त्याच दिशेचा राहिला. स्वतः मॉरिस नव्व्याण्णव वर्षे जगले. एका माणसावरून नियम काढायचा नसतो, ही गोष्ट नुसती मौज म्हणून सांगितली.

माझ्या मते या कथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुतेक पुस्तके सांगत नाहीत. त्या हजारो कंडक्टरांपैकी एकानेही ‘उद्यापासून ६०० पायऱ्या चढायच्या’ असा संकल्प केला नव्हता! वर उतारू बसले होते, त्यांना तिकीट द्यायचे होते, म्हणून तो चढत होता. रोज सकाळी त्याला आपल्या मनाची समजूत घालावी लागत नव्हती. कबड्डीच्या पटांगणात तुम्हालाही ती घालावी लागत नाही. तेथे चढाईत दम घोटेपर्यंत जी धावपळ होते, तिला कोणी व्यायामसुद्धा म्हणत नाही.

अर्थात सर्वांना कबड्डीचे पटांगण मिळत नाही. एकट्याने, घरी, कोणतीही तातडी नसताना करायच्या व्यायामाचे काय? तेथे आपला कारभारी आडवा येतोच. तेव्हा तो नेमका कोणत्या क्षणी आडवा येतो, हे शोधले पाहिजे.

पहिली चार मिनिटे

धावायला लागल्यावर सर्वांत नकोसा भाग कोणता? बहुतेक जण सांगतील, पहिला. छाती भरून येते, पाय जड होतात, ‘आज नको’ असे वाटते. पाच-सहा मिनिटे रेटले, तर तेच धावणे सुसह्य होते. असे का व्हावे? थकवा तर उलट वाढायला हवा!

याचे उत्तर प्राणवायूच्या पुरवठ्यात आहे. स्नायूंना लागणारी बहुतेक ऊर्जा अन्नघटकांचे प्राणवायूच्या साहाय्याने मंद ज्वलन होऊन मिळते. तुम्ही पाय उचलता त्या क्षणी स्नायूंची मागणी एकदम कितीतरी पट वाढते. पण हृदयाने ठोके वाढवायचे, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावायच्या, श्वास खोल व्हायचा, या सर्वांना दोन-तीन मिनिटे लागतात. मधल्या वेळात स्नायू काय करतात? उधारीवर भागवतात. त्यांच्यात क्रिएटिन फॉस्फेट नावाच्या पदार्थाचा थोडासा साठा असतो, तो काही सेकंदांत संपत येतो. मग ते प्राणवायूवाचून शर्करेचे विघटन करतात. त्यातून थोडी ऊर्जा चटकन मिळते आणि लॅक्टिक आम्ल साचू लागते. पुरवठा मागणीला येऊन मिळाला, की गाडी रुळावर येते. धावून थांबल्यावरही आपण काही वेळ धापा टाकतो, त्यात या उधारीची फेड असते. स्नायूंवरील संशोधनासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळालेले ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी याला ‘प्राणवायूचे ऋण’ असेच नाव दिले होते.

म्हणजे सुरुवातीचा तो नकार खोटा नसतो. फक्त तो पुढच्या अर्ध्या तासाचे भविष्य सांगत नसतो. तो त्या चार मिनिटांपुरताच असतो. पण आपण व्यायामाचा विचार करतो, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे नेमकी ती चार मिनिटेच येतात. कॅनडातील संशोधकांनी २०११ साली हे तपासले. व्यायामापूर्वी त्यांनी लोकांना विचारले, तुम्हाला यात किती मजा येईल? नंतर पुन्हा विचारले, प्रत्यक्षात किती आली? लोकांनी आधी केलेला अंदाज नंतरच्या अनुभवापेक्षा कमी निघाला. कारण अंदाज बांधताना त्यांचे लक्ष कष्टाच्या सुरुवातीवरच खिळलेले होते.

म्हणून पांघरुणात असताना ‘आज करावासा वाटतो का?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्यात अर्थ नाही. त्या वेळी उत्तर ठरलेलेच असते. तो प्रश्न सुरू केल्यावर दहा मिनिटांनी विचारा. त्या वेळी नको वाटले तर खुशाल थांबा. शिवाय पहिली चार मिनिटे नुसती चाला. एकदम वेगाने सुटलात तर उधारी उगीच वाढते. वेग योग्य आहे की नाही हे पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही. शेजाऱ्याशी एखादे पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा दम लागला म्हणजे सुरुवातीला पुरे.

अंग आंबते तेव्हा

तक्ता कोरा राहण्याचे दुसरे मोठे कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. पहिल्या दिवशी हौसेने पन्नास बैठका मारल्या, आणि आता जिना उतरताना कठडा धरावा लागतो. आपल्याकडे याला ‘अंग आंबले’ म्हणतात. मोठा अचूक शब्द वाटतो, नाही का? पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांनाही असेच वाटे, की स्नायूंत साचलेल्या आम्लामुळे ते दुखतात. पण श्रम थांबल्यावर ते आम्ल तासाभरात बहुतेक निघून जाते, आणि दुखणे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोहोचते! तेव्हा आम्लाचा त्यात हात नाही. नवख्या श्रमांनी स्नायूंच्या धाग्यांत अतिसूक्ष्म इजा होतात, त्यांची डागडुजी चालू असताना ते दुखते. विशेषतः स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागला, तर ही इजा जास्त होते. बैठकीत खाली जाताना किंवा उतार उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूवर नेमका तोच प्रसंग येतो. गड चढून आल्यावर ‘चढताना काही नाही झाले, उतरल्यावर पाय गेले’ असे लोक म्हणतात, त्याचे कारण हेच.

यातली चांगली बातमी अशी, की डागडुजी झालेला स्नायू तेवढ्याच श्रमांनी पुन्हा तितका दुखत नाही. एक-दोन आठवड्यांनी त्याच पन्नास बैठका मारा, फरक आपोआप कळेल. पण शहाणपण यात, की पहिल्या दिवशी जेवढे सहज जमेल असे वाटते, त्याच्या तिसऱ्या हिश्शाने सुरुवात करावी. बारा सूर्यनमस्कारांऐवजी चार. हौस पुरी झाली नाही, असे वाटत असतानाच थांबलेले उत्तम. मात्र सांध्यात कळ येणे, सूज येणे किंवा आठवडा उलटून दुखणे न थांबणे, हे अंग आंबणे नव्हे. तेथे डॉक्टरांना दाखवावे.

कधी? कोठे?

२००२ साली ब्रिटनमधील तीन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयातील २४८ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला विशेष काही सांगितले नाही. दुसऱ्याला व्यायामाने हृदयविकार कसा टळतो, याची माहिती वाचायला दिली. तिसऱ्याला तीच माहिती दिली आणि शिवाय एक वाक्य लिहून घेतले: पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी वीस मिनिटे जोरकस व्यायाम करीन. आठवड्यानंतर पाहिले, तर पहिल्या गटातील शंभरात ३८ जणांनी निदान एकदा असा व्यायाम केला होता. माहिती वाचलेल्या दुसऱ्या गटात ३५ जणांनी. आणि वाक्य लिहिलेल्या तिसऱ्या गटात ९१ जणांनी!

दुसऱ्या गटाच्या आकड्याकडे शिक्षकांनी जरा थांबून पाहावे. व्यायामाचे फायदे सांगणारी ती माहिती त्या गटाच्या वागण्यात काहीच फरक पाडू शकली नाही. फायदे आपल्या सर्वांना ठाऊक असतात. पन्नाशीत येणारा हृदयविकार चौदाव्या वर्षी कोणाला अंथरुणातून उठवत नाही. पुढे झालेल्या अशा बऱ्याच प्रयोगांत तिसऱ्या गटाचा फायदा इतका प्रचंड दिसला नाही, हेही सांगायला हवे. पण फायदा दिसत राहिला. त्याचे कारण उघड आहे. ‘रोज व्यायाम करीन’ या संकल्पात दररोज नव्याने निर्णय घ्यावा लागतो, आणि निर्णयाच्या वेळी आपला काटकसरी कारभारी हजर असतोच. ‘शाळेतून येऊन दप्तर खुंटीला लावले, की तसाच अंगणात जाऊन दोरीवरच्या उड्या मारीन’ या वाक्यात निर्णय आधीच झालेला आहे. खुंटीच आठवण करून देते.

अशी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? एकवीस, असे तुम्ही ऐकले असेल. या आकड्याचा उगम मोठा विचित्र आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनने १९६० साली लिहिले, की शस्त्रक्रियेने बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीसेक दिवस लागतात. त्यातले ‘निदान’ गळाले आणि चेहऱ्याच्या जागी जगातल्या सर्व सवयी आल्या! प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाली आणि २०१० साली प्रसिद्ध झाली. ९६ जणांनी एखादी नवी गोष्ट रोज ठरावीक प्रसंगाला जोडून बारा आठवडे केली. ती आपोआप होऊ लागायला लागलेला मधला काळ ६६ दिवस निघाला. पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब आला. पाणी पिण्यासारख्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाच्या उशिरा. आणि तुमच्या त्या कोऱ्या तक्त्यासाठी महत्त्वाचे म्हणजे, मध्येच एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पाहुण्यांनी काही बिघडत नाही. बिघडते ते ‘आता मोडलाच नेम’ म्हणून सोडून देण्याने.

आपल्या तालमींत हे सारे न सांगता पाळले जाते. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, जोडीदार ठरलेला, आणि एक दिवस दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी वस्ताद विचारणार, “काल कुठं होतास?” सोबतीचा परिणाम मोजण्याचा एक जुना प्रयत्न १८९८ सालचा आहे. अमेरिकेतील नॉर्मन ट्रिप्लेट यांनी सायकलस्वारांच्या वेळा तपासल्या. एकट्याने चालवण्यापेक्षा दुसऱ्याबरोबर चालवताना ते जास्त वेगाने जात. तेव्हा तालीम नसेल तर निदान गल्लीतला एक मित्र गाठा. ज्याच्या दारात तुम्ही सहा वाजता उभे राहणार असे ठरले आहे, त्याच्यासाठी उठणे स्वतःसाठी उठण्यापेक्षा सोपे जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मुलींचे प्रमाण मुलग्यांपेक्षा कमी का, याचे उत्तर बरेचदा मनात सापडतच नाही. शाळेतून आल्यावर पाणी भरायचे, धाकट्या भावाला सांभाळायचे, आणि मैदानावर सगळी मुले. अशा मुलीला उत्साह वाढवण्याचे उपाय सांगणे निरर्थक आहे. तिला हवा आहे वेळ आणि धावायला जागा. शाळेचे पटांगण आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटल्यावर तासभर फक्त मुलींसाठी ठेवले, तर कितीतरी लेखांचे काम होईल.

उठाबशांची शिक्षा

इव्हान पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाची कुत्री तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत असतील. ठोके देणाऱ्या यंत्राचा आवाज आणि लगेच अन्न, असे अनेकदा झाल्यावर नुसत्या आवाजाने कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागले. एकामागून एक येणाऱ्या दोन गोष्टींची गाठ मेंदू बांधून टाकतो. आता आपल्या शाळांत काय चालते पाहा. गृहपाठ केला नाही, दहा उठाबशा. उशीर झाला, मैदानाला पाच फेऱ्या. वर्ग हसतो आहे, कान हातात आहेत आणि पाय वाकत आहेत. ही गाठ कशाशी कशाची पडते? धावण्याची आणि अपमानाची. वर्षानुवर्षे अशी गाठ मारायची आणि मग त्याच मुलांना व्यायामाची आवड नाही म्हणून हळहळायचे, हे मला विसंगत वाटते. शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने मनाई आहेच. पण कायदा नसता, तरी व्यायाम ही वस्तू शिक्षा म्हणून वापरण्याइतकी स्वस्त नाही.

नाडीची वही

व्यायामाचा मोबदला दूर असतो आणि कष्ट जवळ असतात. तेव्हा मोबदल्यातला एखादा भाग जवळ आणून डोळ्यांना दाखवता आला तर? तसा एक भाग तुमच्या मनगटातच आहे.

विश्रांतीत प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलते. एका ठोक्याला ७० मिलिलिटर धरले, तर त्याला सुमारे ७० ठोके द्यावे लागतात. नियमित व्यायामाने हृदयाचे कप्पे अधिक भरू लागतात आणि ठोका जोमदार होतो. एका ठोक्यात १०० मिलिलिटर गेले, तर ५० ठोक्यांत काम भागते. मिनिटाला २० ठोके वाचले, म्हणजे दिवसाला २८,८०० ठोके! लांब पल्ल्याच्या धावपटूंची विश्रांतीतील नाडी चाळीसच्या घरातही सापडते.

सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजा आणि लिहा. आठवड्यातून एकदा दुसरी मोजणी करा. सुमारे फूटभर उंचीच्या पायरीवर तीन मिनिटे सारख्या लयीत चढउतार करा, मिनिटाला चोवीस वेळा. लगेच खाली बसा आणि पुढच्या एका मिनिटातले ठोके मोजा. पायरी तीच, लय तीच, वेळ तीच ठेवा. ज्यांना हृदयाचा विकार, दमा किंवा रक्तक्षय आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. चक्कर आली तर कोणीही थांबावे. सहा-आठ आठवड्यांनी दोन्ही रांगांचा आलेख काढा. पायरीनंतरचे ठोके बहुधा आधी उतरू लागतील, सकाळचे सावकाश. दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना नको. वय, ताप, अपुरी झोप, आदल्या दिवशीचे जागरण, सगळ्यांनी नाडी बदलते. पावले मोजणारे घड्याळ घरात असेल तर तेही वापरा. मात्र ‘रोज दहा हजार पावले’ या आकड्याचा धाक धरू नका. तो १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला आहे.

आणि वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करा. हुशार एका गटात, खेळाडू दुसऱ्यात असे नको. पहिल्या गटाने ‘मी दोन आठवडे रोज पंधरा मिनिटे व्यायाम करीन’ असे लिहावे. दुसऱ्याने त्यापुढे केव्हा, कोठे आणि कशानंतर, हेही लिहावे. चौदा दिवसांनी प्रत्येकाने एका कागदावर आपला गट आणि किती दिवस व्यायाम झाला, एवढेच लिहून डब्यात टाकावे. नाव लिहू नये. नाव आले की आकडे खोटे होऊ लागतात. दोन्ही गटांची सरासरी काढा. फरक पडला नाही, किंवा उलटाच पडला, तरी जे आकडे आले तेच फळ्यावर लिहा, आणि असे का झाले असेल यावर एक तास चर्चा ठेवा.